दाताची मेलेली नस परत तयार होते म्हणे. आठ वर्षांच्या मुलीवर करून घ्यावं का?

धरमपेठी_बाबा
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण निर्णय अडून बसलाय म्हणून सगळं लिहितो.

लेक आठ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या झुल्याची पाटी तिच्या तोंडावर बसली आणि वरच्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला. तेव्हा दाताच्या रंगाचं भरण करून दिलं, दिसायला एकदम झकास. आता मात्र तो दात शेजारच्यापेक्षा मळकट दिसतो आणि वर हिरडीवर एक पुटकुळी येते, आपोआप फुटते, पुन्हा येते. पोरीला दुखत काहीच नाही, ती मजेत बोरं खाऊन राहिली.

धंतोलीत दोघांना दाखवलं. दोघांचं एकमत इतकंच की नस मेली आहे आणि मुळाचं टोक अजून उघडं आहे. पहिले डॉक्टर म्हणतात, टोकाला एमटीए नावाचं सिमेंट भरून बंद करू, वर पक्कं भरण, विषय संपला. दुसऱ्या मॅडम म्हणतात, आतून रक्त येऊ देऊ, मूळ पुढे वाढायची शक्यता आहे. याला त्या 'रिव्हॅस्क्युलरायझेशन' म्हणाल्या. त्यात बायकोच्या वाचनात आलं की चीनमध्ये दुधाच्या दातातल्या पेशी घालून मुलांच्या दातात नवा पल्प, म्हणजे नस असलेला आतला मऊ गाभा, तयार केला. आई म्हणते, "माझ्या नातीवर प्रयोग नकोत." बायको म्हणते, "प्रयोग नाही, विज्ञान आहे." मी दोघींच्या मधे.

तर मॅडम सांगतात तो उपचार आहे की संशोधन? आणि चीनवालं इकडे येईपर्यंत थांबण्यात काही अर्थ आहे का?

सीताबर्डी_एक्सप्रेस
आधी हे सांगा भाऊ, केस कायले नाही उगवत परत? नशीचं मागून पाहू.
(हलके घ्या. जाणकार येऊ द्या, वाचून राहिलो.)

मनीषनगर_मावशी
पुटकुळी दुखत नाही म्हणून बसून राहू नका हो. पू बाहेर पडायला वाट मिळाली की दुखणं थांबतं, आजार नाही थांबत. आमच्या घरी हे पाहिलंय.

एंडो_वऱ्हाडी
बाबा, तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत आणि बातमीतली गोष्ट तिसरीच आहे. मी रूट कॅनलवाला, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

दात तोंडात दिसायला लागतो तेव्हा त्याचं मूळ अर्धंमुर्धंच झालेलं असतं. वरचा मधला दात सातव्या-आठव्या वर्षी येतो, मूळ पूर्ण व्हायला साधारण दहावं वर्ष उजाडतं. मुळाच्या भिंती आतून जाड करण्याचं काम पल्पच्या कडेला असणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशी करतात. नस मेली की ते काम जिथल्या तिथे थांबतं. तुमच्या मुलीच्या एक्स-रेत भिंती पातळ आणि टोक रुंद दिसत असणार. इथे नेहमीचं रूट कॅनल जमत नाही, कारण आत भरलेलं गट्टापर्चा (रबरासारखं भरण) अडवायला खाली टोकच नसतं.

पूर्वी अशा दातात महिनोन् महिने कॅल्शियम हायड्रॉक्साइड बदलत बसायचे. टोकाशी कठीण पडदा यायचा, पण दात कमकुवत राहायचा. स्वीडनच्या क्वेक यांनी १९९२ मध्ये असे दात तपासले. मूळ जितकं अपुरं तितके मानेपाशी मोडण्याचे प्रकार जास्त निघाले. १९९३ च्या सुमारास लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी एमटीए आणलं. ४-५ मिलिमीटरचं बूच टोकाला बसवायचं, एक-दोन बैठकीत काम. तुमचे पहिले डॉक्टर हेच सांगताहेत. खात्रीचं काम आहे. तोटा एकच, मूळ आहे तेवढंच राहतं.

रिव्हॅस्क्युलरायझेशन यापेक्षा वेगळं. आतली घाण फार न खरवडता औषधाने धुवायची, काही आठवडे आत औषध ठेवायचं, मग मुळाच्या टोकापलीकडे बारीक फाइल (सुईसारखं हत्यार) नेऊन मुद्दाम रक्त आणायचं. रक्ताची गुठळी बनते, तिच्यावर सिमेंटचं झाकण. कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या नीगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ मध्ये दातात रक्त आणून पाहिलं होतं. २००१ मध्ये जपानमधून इवाया आणि २००४ मध्ये अमेरिकेतून बँक्स व ट्रोप यांनी प्रत्यक्ष रुग्णांच्या दातांवरचे उपचार छापले, तेव्हापासून जगभर सुरू झालं. अमेरिकेच्या एंडोडॉंटिस्ट संघटनेची त्यावर लेखी कार्यपद्धती आहे. आईंना सांगा, मॅडम सांगतात तो उपचार आहे. निकालाची हमी मात्र एमटीएइतकी नाही.

जुना_महालकर
डॉक्टरसाहेब, एक बाळबोध शंका. रक्त भरलं म्हणजे नस आली का? उद्या नळात पाणी सोडून कोणी म्हणेल विहीर खोदली.

प्रयोगशाळा
महालकर काका, बाळबोध नाही, हाच मुद्द्याचा प्रश्न आहे. मी मूळची नागपूरची, सध्या पुण्यात पेशींवर काम करते (दातांच्या नाही, हाडांच्या).

असे उपचार केलेले काही दात पुढे मोडले किंवा दुसऱ्या कारणाने काढावे लागले. ते कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा बहुतेकांमध्ये आत खरा पल्प नव्हता. मुळाच्या बाहेर असतं तसं सिमेंटम, हाडासारखे तुकडे, दाताला जबड्याशी बांधणाऱ्या तंतूंसारखी ऊती, असा सगळा संसार होता. वाडा तोच, भाडेकरू नवे. भिंती जाड होतात त्याही बऱ्याचदा या नव्या भाडेकरूंनी केलेल्या लिंपणाने, ओडोंटोब्लास्टच्या डेंटिनने (दाताच्या मूळ कठीण थराने) नाही. म्हणून अनेक संशोधक याला पुनर्निर्मिती म्हणतच नाहीत, डागडुजी म्हणतात.

पण नुसतं रक्तच येतं असंही नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गटाने २०११ मध्ये अशा दातात आलेलं रक्त तपासलं. शरीरातल्या इतर रक्ताच्या तुलनेत त्यात मूलपेशींच्या खुणा ४०० ते ६०० पट जास्त होत्या. उघड्या टोकाशी एक मऊ गादी असते, एपिकल पॅपिला, तिच्यात मूलपेशींचा साठा असतो. फाइल तिला टोचली की त्या पेशी रक्ताबरोबर आत येतात. आत आल्यावर त्यांनी काय व्हायचं हे आपल्या हातात नाही, खरी अडचण तिथे आहे.

सीताबर्डी_एक्सप्रेस
महालातल्या वाड्यात भाडेकरू एकदा घुसले की निघत नाहीत, हे डॉक्टर लोकांना सांगून ठेवा बे कोणीतरी.

जुना_महालकर
एक्सप्रेस, माझा खटला कोर्टात आहे. त्या विषयावर बोलू नये.

मुग्धा_त
आमच्या मुलाचं झालंय, म्हणून लिहिते. शाळेत क्रिकेट खेळताना चेंडू लागला होता. तोही समोरचाच दात, वयही जवळपास तेच.

पहिल्या बैठकीत दात मागून उघडला, एका बारीक सुईने बराच वेळ धुतला. सुईला टोकाला भोक नसतं, बाजूला असतं. औषध मुळाबाहेर जाऊ नये म्हणून, असं डॉक्टरांनी विचारल्यावर सांगितलं. ब्लीचिंग पावडरसारखा वास खोलीभर होता. निळं रबर ताणून फक्त तेवढा एक दात बाहेर ठेवलेला, पोराला तेच जास्त नकोसं झालं. आत औषध ठेवून घरी पाठवलं.

रक्ताची बैठक नंतर. मला वाटलं होतं रडारड होईल. भूल दिलेली होती, त्याने फक्त डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी फाइल आत फिरवली आणि हात थांबवून दातात बघत बसल्या. काही होईना. पुन्हा फिरवली. मग दाताच्या आत खालून लाल रंग चढत आला, हळूहळू. त्यांनी ओला बोळा वर ठेवला आणि घड्याळाकडे बघत गप्प बसल्या. मुलगा रबराआडून विचारतोय "झालं?", असिस्टंट म्हणतेय "आता काहीच करायचं नाही, बस." ती शांतता मला फार लांब वाटली. मग गुठळीवर पांढरं सिमेंट आणि वर भरण.

पुटकुळी गेली ती परत आली नाही. पुढच्या एक्स-रेत मुळाचं टोक मिटत आलेलं दिसलं. लांबी फारशी वाढली नाही. थंडाचा बोळा लावला तर त्या दाताला अजून काही कळत नाही. आणि हो, दात थोडा राखाडी झाला. त्याबद्दल आधी कोणी काही बोललं नव्हतं, त्याचा मला राग आहे.

पेडो_मॅडम
मुग्धाताई, राग रास्त आहे. दातात ठेवायची जी तीन अँटिबायोटिकची पेस्ट पूर्वी सर्रास वापरत, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन, तिच्यातलं मिनोसायक्लिन दात काळवंडतं. १९९० च्या दशकात जपानमधल्या होशिनोंच्या गटाने ही पेस्ट सुचवली, जंतू मारण्यात जबरदस्त. आता समोरच्या दातात मिनोसायक्लिन गाळून दोनच औषधं ठेवतात, किंवा साधं कॅल्शियम हायड्रॉक्साइड. वरच्या सिमेंटचंही तेच. जुन्या एमटीएत बिस्मथ ऑक्साइड असतं, त्यानेही रंग बदलतो. बायोडेंटिनसारख्या सिमेंटमध्ये झिर्कोनियम असतं, त्यात ही भानगड कमी.

बाबा, माझं मत एंडो सरांपेक्षा जरा पुढचं आहे. भिंती फार पातळ असतील तर आधी रिव्हॅस्क्युलरायझेशन करून पाहावं. नाही साधलं तर एमटीएचा दरवाजा उघडाच राहतो. उलट क्रमाने मात्र जाता येत नाही, एकदा बूच बसलं की मूळ वाढायची संधी संपली.

एंडो_वऱ्हाडी
मॅडम, तत्त्वतः मान्य. पण दरवाजा उघडा राहतो हे इतकं सरळ नाही. काही दातांमध्ये आतली पोकळी पुढे कठीण थराने बुजत जाते. पुन्हा जंतुसंसर्ग झाला तर त्या बुजलेल्या दातात वाट शोधताना आमचा घाम निघतो. शिवाय फेऱ्या. ६, १२ आणि २४ महिन्यांनी एक्स-रे, पुढेही वर्षाला एकदा. दोन भेटीनंतर गायब होणारे पालक असतील तर मी एमटीएच करतो, स्पष्ट सांगतो.

पेडो_मॅडम
गायब होणाऱ्या पालकांबद्दल सर, तुमच्या-माझ्यात वाद नाही.

तर्रीवाला
माझ्या मते हे सगळं पैसे काढायचे धंदे आहेत. आमचे आजोबा नव्वदीत ऊस सोलत होते, कोणता पल्प अन् काय. लिंबाची काडी.

मनीषनगर_मावशी
तर्रीवाले, आजोबांना झुल्याची पाटी लागली होती का?

तर्रीवाला
मावशी, बैलाने मारलं होतं. दात पडले होते, पण त्याची चर्चा नाही झाली घरात. 😅

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. वय ४१, खालची दाढ. गरम चहा घेतला की कळ उठते आणि बराच वेळ राहते. रूट कॅनल सांगितलंय. हे रक्तवालं माझ्या दाढेत होतं का? जिवंत दात मेलेला करून घ्यायची इच्छा नाही.

सीताबर्डी_एक्सप्रेस
खर्रा (सुपारी-तंबाखू) खाता का?

वाचनमात्र
कमी केलाय.

एंडो_वऱ्हाडी
नागपुरात "कमी केलाय" म्हणजे काय ते आम्हाला पाठ आहे. :)

गंमत सोडा. खर्ऱ्याचा आणि या धाग्याचा संबंध आहे. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं, सबम्युकस फायब्रोसिस. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. मग पल्प तयार करणारं नोबेलच्या तोडीचं तंत्र हातात असलं तरी मागच्या दाढेपर्यंत फाइल न्यायची कुठून? पन्नीवर चोळून तयार झालेली ती पुडी तोंडात टाकायच्या आधी आरशात तीन बोटं उभी जातात का पाहा.

आता दाढ. मोठ्यांच्या दाताचं टोक मिटलेलं असतं, बारीक छिद्र उरतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी. तेवढ्यातून रक्तवाहिन्यांनी आत शिरून सगळी नस उभी करायची, हे अवघड. पल्प म्हणजे असते तरी किती? सगळ्या कायमच्या दातांचा मिळून ०.३८ घन सेंटीमीटर, असं आमच्या पुस्तकात आहे. एवढीशी चीज, पण चारी बाजूंनी कठीण भिंती आणि ये-जा करायला एक छिद्र. सूज आली की पसरायला जागा नाही, म्हणून तुमची ती कळ.

पण तुमचा पल्प मेलेला नाही, सुजलेला आहे. त्यामुळे तुमच्या कामाचा विषय पुनर्निर्मिती नसून पल्पोटॉमी आहे. वरच्या भागातला बिघडलेला पल्प काढायचा, रक्त थांबतंय का पाहायचं, थांबलं तर मुळांतला जिवंत पल्प तसाच ठेवून त्यावर एमटीए किंवा बायोडेंटिन. पूर्वी हे मुलांपुरतं मानत. इराण, जॉर्डन आणि आपल्याकडे रोहतकच्या सरकारी डेंटल कॉलेजातून मोठ्यांच्या दातांवर चांगलं काम झालंय. युरोपच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि अमेरिकेच्या संघटनेने २०२१ मध्ये याची दखल घेतली. रक्त थांबलं नाही तर मुकाट्याने रूट कॅनल.

वाचनमात्र
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद सर. तीन बोटं जातात. तिसरं जरा घासून.

धरमपेठी_बाबा
सगळ्यांचे आभार, एका दिवसात इतकं कळेल वाटलं नव्हतं. बायको बाजूला बसून वाचतेय आणि विचारतेय, चीनचं राहिलंच की.

प्रयोगशाळा
वहिनींसाठी सविस्तर.

सुरुवात २००० मध्ये झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ग्रॉन्थॉस, सॉंगताओ शी वगैरेंनी अक्कलदाढेच्या पल्पमधून मूलपेशी वेगळ्या काढल्या. २००३ मध्ये शी यांच्याच गटाने पडलेल्या दुधाच्या दातातही त्या दाखवल्या. त्यांच्या स्वतःच्या मुलीचा दात हलायला लागला तेव्हा ही कल्पना सुचली, असं ते सांगतात.

चीनचा अभ्यास २०१८ चा, शिआनमधल्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातला. मार लागून समोरच्या दाताची नस मेलेली ४० मुलं घेतली, म्हणजे थेट तुमच्या लेकीसारखी. ३० जणांना पेशी, १० जणांना जुना उपचार. प्रत्येक मुलाचा स्वतःचाच दुधाचा दात काढून त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि मार लागलेल्या दातात घातल्या. शेवटपर्यंत तपासता आली पेशीवाली २६ मुलं. त्यांच्यात मूळ लांबलं, दाताला जाणीव परत आली, रक्तप्रवाह मोजता आला. एका मुलाला पुन्हा मार लागून तो दात गेला. त्याचं वाईट झालं, पण तो दात कापून पाहता आला. आत ओडोंटोब्लास्टचा थर, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, सगळं जागच्या जागी. महालकर काका, त्या वाड्यात मूळ मालक परत आला होता.

मोठ्यांसाठी जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांनी आधी कुत्र्यांवर आणि मग २०१७ मध्ये ५ रुग्णांवर केलं. रुग्णाच्या स्वतःच्या नकोशा दातातला पल्प, त्यातल्या निवडक पेशी, कोलॅजनमध्ये मिसळून मिटलेल्या टोकाच्या दातात. चौघांच्या दाताने विजेच्या चाचणीला प्रतिसाद दिला. म्हणजे अशक्य नाही. पण पाचच माणसं.

आता खर्चाची गोम. पेशी वाढवायला औषध कारखान्याच्या दर्जाची निर्जंतुक खोली लागते, प्रत्येक रुग्णाचा वेगळा घाणा, जंतू शिरले की सगळं फेकून द्यायचं. एमटीएची पुडी आणि पंधरा मिनिटं याच्याशी त्याला स्पर्धा करायची आहे. म्हणून बरेच गट आता पेशी न घालता, शरीरातल्याच पेशींना बोलावणारे रेणू आणि जेल यांच्या मागे आहेत. ईडीटीए नावाच्या द्रावणाने दात धुतला की डेंटिनमध्ये अडकलेले वाढीचे घटक मोकळे होतात, हे तर आजच्या कार्यपद्धतीतही आहे. १७ टक्के ईडीटीए, शेवटच्या धुण्यात.

मुग्धा_त
हां, ते शेवटचं धुणं! डॉक्टर म्हणाल्या होत्या "आता याने दात तयार होतो". मला वाटलं मुलाची समजूत काढून राहिल्या.

अंबाझरी_अमोघ
इथे कोणी दुधाच्या दातांची बँक केली आहे का? आमच्या भावजयीने मुलाचे पडलेले दात साठवायला एका कंपनीकडे भरपूर पैसे भरलेत. "पुढे मधुमेहापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला उपयोगी" असं सांगणारा माणूस घरी आला होता, टाय लावून. आता फोन उचलत नाहीत.

प्रयोगशाळा
आयसीएमआरची, म्हणजे आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचा. व्यावसायिक साठवणुकीची परवानगी फक्त नाळेच्या रक्ताला आहे. दात, मासिक पाळीचं रक्त, चरबी यांच्या बँकेला नाही. मूलपेशींचा जो उपचार मान्य यादीत नाही तो मंजूर चाचणीतच आणि रुग्णाकडून पैसे न घेता व्हायला हवा. टायवाला ही ओळ सांगत नाही. शिआनच्या मुलांनीही कुठल्या बँकेतून दात काढला नव्हता, तोंडातलाच ताजा घेतला होता.

पेडो_मॅडम
शिवाय जो दुधाचा दात आपोआप हलून पडतो त्याचं मूळ झिजून गेलेलं असतं, आत पल्प नावालाच. तो साठवून काय मिळणार? अमोघ, पावत्या आणि करारपत्र शोधून ग्राहक आयोगाकडे जा, दातांच्या डॉक्टरकडे नको.

सीताबर्डी_एक्सप्रेस
आमच्याकडे दात घराच्या छपरावर फेकत. फुकटात बँक, व्याज नाही, फोन उचलायचा प्रश्न नाही.

तर्रीवाला
ते जपानचं नवीन दातच उगवायचं औषध आलंय ना? मग नस-बिस कशाला?

प्रयोगशाळा
ते वेगळं. क्योटोच्या ताकाहाशींचं औषध, यूएसएजी-१ नावाच्या प्रथिनाला अडवणारी अँटिबॉडी. २०२४ मध्ये माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली, ३० ते ६४ वयाचे पुरुष, निदान एक दात नसलेले. पहिल्या टप्प्यात फक्त सुरक्षितता बघतात. पुढचा रोख जन्मतः दात कमी असणाऱ्या मुलांवर आहे. बैलाने पाडलेल्या दातांचं त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या शार्प यांचंही ऐकलं असेल, २०१७. टिडेग्लुसिब हे अल्झायमरसाठी तपासलेलं औषध, कोलॅजनच्या स्पंजात भिजवून उंदराच्या दाताच्या छिद्रात ठेवलं. स्पंज विरघळला आणि जागा डेंटिनने भरली. छान काम. पण उंदराच्या दाताचं छिद्र केवढं, आणि खर्रावाल्याच्या दाढेचा खड्डा केवढा.

वाचनमात्र
मला उगाच मधे ओढू नका मॅडम.

जुना_महालकर
बरं झालं धागा वाचला. एकच विचारतो, गेलेला जीव परत आणायच्या खटपटीत ही मंडळी पन्नास-साठ वर्षं आहेत. नस मरू नये म्हणून काय करायचं ते कोणी सांगेल का? नातू दिवसभर सायकलवर असतो.

पेडो_मॅडम
काका, कायमचा दात अख्खा निखळून पडला तर मुळाला हात न लावता, वरच्या भागाला धरून, हलकं धुवून तिथल्या तिथे परत बसवा. नाही जमलं तर थंड दुधात टाका आणि लगेच, अर्ध्या-पाऊण तासात, गाठा. नुसता कोपरा उडून आत लाल ठिपका दिसत असेल तरी त्याच दिवशी दाखवा. त्या वेळी थोडासाच पल्प काढून बाकीचा वाचवता येतो आणि मूळ आपोआप पूर्ण होतं. नुसता मार लागून दात फुटला नसेल तरी काही महिने रंगावर आणि एक्स-रेवर लक्ष हवं. मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात बालदंत विभाग आहे, हिंगण्याकडेही कॉलेजं आहेत. खिशाला परवडतं, फक्त वेळ हाताशी ठेवून जा.

धरमपेठी_बाबा
आज मॅडमना पुन्हा भेटून आलो. भिंती खरंच फार पातळ आहेत, त्यांनी पडद्यावर मोठ्या करून दाखवल्या. तुमच्याकडून शिकलेले प्रश्न विचारले. मिनोसायक्लिन वापरणार नाहीत. वरचं सिमेंट झिर्कोनियमवालं. पहिली बैठक शनिवारी. एक विचारायचं राहिलं, रक्त आलंच नाही तर?

एंडो_वऱ्हाडी
त्या दिवशी अॅड्रेनलिन नसलेली भूल देतात का ते विचारा. नेहमीच्या भुलीत अॅड्रेनलिन असतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि मुग्धाताईंनी लिहिलं तसं बघत बसावं लागतं. तरीही नाहीच आलं तर एमटीए आहेच, त्याच बैठकीत करता येतं. आणि यश कशाला म्हणायचं हे आधी घरात ठरवा. पुटकुळी जाणं आणि हाड भरून येणं ही पहिली अपेक्षा. भिंत जाड होणं, मूळ लांबणं हा वरचा लाभ. थंडगरम कळायला लागणं सगळ्यात वरचं, ते नाही झालं म्हणून उपचार फसला असं धरायचं नाही.

धरमपेठी_बाबा
आईला हे तिन्ही वाचून दाखवलं. म्हणाली, "पहिलं झालं तरी पुरे." बायकोला तिन्ही हवेत.

सीताबर्डी_एक्सप्रेस
शनिवारी पोरीला आइस्क्रीम मी पाठवतो. थंड कळलं तर धाग्यावर कळवा.

पेडो_मॅडम
शनिवारी नको एक्सप्रेस, भूल उतरेपर्यंत ओठ चावून घेतात मुलं. रविवारी पाठवा.

वाचनमात्र
माझ्या दाढेचं परवा आहे. पल्पोटॉमी म्हटल्यावर आमचे डॉक्टर म्हणाले, उघडल्यावर बघू. जाताना हिरवी पुडी खिशातून काढून ठेवली, असिस्टंटने वास ओळखला तरीही.